फारसीचे प्राध्यापक, 'शेजारी' आणि माझे बी.ए.

१९८९ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'मराठी स्पेशल' घेतले. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने आधी माझे नाव वाचले, मग विषयाच्या रकान्याकडे पाहिले आणि विचारले, "मराठी? चुकून लिहिलंय का?" घरी मामूंनी हाच प्रश्न आमच्या दखनीत विचारला, "मराठी लेके क्या करनेका रे?" अब्बा मात्र काही बोलले नाहीत. ते शिंपीकाम करत. मशीनवरची मान वर न करता त्यांनी फीचे पैसे काढून माझ्या हातात ठेवले.

पहिल्याच सहामाहीत माझ्या निबंधावर लाल पेन्सिल फिरली. 'फक्त', 'हरकत' आणि 'नक्कल' या शब्दांना गोल करून समासात शेरा होता, 'उर्दू शब्द टाळावेत.' शेजारच्या बाकावरच्या मित्राने हेच शब्द वापरले होते. त्याच्या वहीत एकही गोल नव्हता. मी काही बोललो नाही, पण मन खट्टू झाले. ही भाषा आपली नाहीच की काय, असे वाटू लागले.

आमचे ग्रंथपाल जुन्या वळणाचे होते. माझी वही त्यांनी पाहिली आणि कपाटातून एक जाड, पिवळ्या पानांचे पुस्तक काढून दिले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९२५ साली प्रसिद्ध केलेला तो 'फारसी-मराठी कोश' होता. कर्त्याचे नाव माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच आपले कवी माधव जूलियन. शिवकाळातली आणि पेशवाईतली कागदपत्रे वाचायची तर फारसी शब्दांवाचून पाऊल पुढे पडत नाही, हे त्या काळच्या इतिहास संशोधकांना पक्के ठाऊक होते. अर्ज, फिर्याद, जमीन, तारीख, सरकार हे शब्द काढले तर आपला तलाठीसुद्धा मुका होईल. मी पाने उलटत बसलो आणि त्यात अब्बांचे दुकानच भेटले. अस्तर फारसीतून आलेले, गज फारसीतून आलेला, खिसाही तिकडचाच. आणि खिशाशिवाय मराठी माणसाचा सदरा शिवून दाखवा पाहू!

हे पटवर्धन कोण होते, हे मला वर्गात कोणी नीट सांगितले नव्हते. कवितेच्या तासाला ते फक्त प्रेमकवी आणि रविकिरण मंडळातले एक कवी म्हणून येत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते फारसी शिकवीत. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक झाले. उमर खय्यामच्या रुबायांकडे बहुतेक जण फिट्झजेराल्डच्या इंग्रजीतून गेले. यांनी त्या १९२९ साली थेट फारसीवरून मराठीत आणल्या. गझल मराठीत रुजवण्याचा मोठा प्रयत्न त्यांचाच, 'गज्जलांजलि' १९३३ सालचा. 'छंदोरचना' या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ साली डी.लिट. दिली. साहित्य, भाषाशास्त्र आणि फारसी यांची दालने वेगवेगळी आहेत, हे जणू या माणसाच्या गावीच नव्हते.

पण इतिहास इतका सरळ नसतो. हेच पटवर्धन १९३०च्या दशकात भाषाशुद्धीच्या चळवळीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली त्यांचे 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक आले. आपल्याच जुन्या कवितांतले फारसी शब्द त्यांनी बदलले. १९३९ साली त्यांचे निधन झाले. विसाव्या वर्षी हे वाचले तेव्हा मला राग आला होता. ज्याने या शब्दांची मोजदाद केली, त्यानेच त्यांना बाहेरची वाट दाखवावी? आज पन्नाशी ओलांडल्यावर राग उरलेला नाही. मत पटत नाही, पण एक गोष्ट मान्य करतो. त्यांनी आधी शब्दांचे घर-गाव विचारले होते. लाल पेन्सिलीने तेवढेही केले नव्हते. तिने शब्दाचे मूळ पाहिले नाही, लिहिणाऱ्याचे नाव पाहिले.

याच चळवळीने आपल्याला 'चित्रपट', 'बोलपट', 'दिग्दर्शक' हे शब्द दिले. त्यांचे श्रेय सावरकरांना दिले जाते. ते सुटसुटीत आहेत, टिकले आहेत आणि मीही ते रोज वापरतो. 'दिग्दर्शक' कुठल्या चळवळीतून आला म्हणून मी तो टाळत नाही, आणि 'खिसा' फारसीतून आला म्हणून तुम्ही टाळत नाही. भाषा अशी दोन्ही दारांनी येणाऱ्यांना घरात घेते.

चित्रपटाचा विषय निघालाच आहे, तर १९९० सालची एक संध्याकाळ सांगतो. कॉलेजच्या चित्रपट मंडळाने 'शेजारी' दाखवला. प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांचा हा १९४१ सालचा चित्रपट. एक हिंदू आणि एक मुसलमान, जिवाभावाचे शेजारी. गावात धरणाचे काम निघते, कंत्राटदार दोघांत वितुष्ट पाडतो, आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकत्रच मरतात. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत गंमत अशी, की हिंदू ठाकूर झाले मझहर खान आणि मुसलमान मिर्झा पुन्हा जागीरदारच.

कथा विश्राम बेडेकरांची. त्यांची १९३९ सालची 'रणांगण' ही कादंबरी आम्ही वर्गात शिकत होतो, पण 'शेजारी' त्यांचा आहे हे त्या वर्गात कोणी म्हटले नाही. कादंबरी अभ्यासक्रमात होती, चित्रपट करमणुकीत. आणि इकडे पुण्यात, प्रभातच्याच जागेवर १९६१ साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिचे पहिले प्रमुख होते हेच जागीरदार. म्हणजे पडद्यावरचा मिर्झा पुढे मुलांना चित्रपट शिकवायला बसला. साहित्य, भाषा आणि चित्रपट हे एकाच वाड्यातले तीन सोपे आहेत. मधल्या भिंती वेळापत्रकाने घातल्या.

बी.ए. होऊन दीड वर्ष झाले आणि १९९२चा डिसेंबर आला. मुंबईच्या बातम्या ऐकताना मला सारखे ते फुटलेले धरण आठवत होते. आमच्या गल्लीत काही झाले नाही. शेजारचे काका रात्री आमच्या ओट्यावर अब्बांबरोबर बसून राहत, एवढेच. पण त्या दिवसांत मला कळले की मी मराठी शिकलो ते नोकरीसाठी नव्हे. आपल्या शेजाऱ्याशी त्याच्या आणि आपल्याही भाषेत बोलता यावे, यासाठी शिकलो.

२०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद वाटला. आता बी.ए.ला येणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते की कविता वाचाल तेव्हा शेजारी कोश ठेवा, आणि कादंबरी वाचाल तेव्हा तिच्या लेखकाचा चित्रपटही पाहा.

जाता जाता, 'शेजारी'च्या त्या संध्याकाळची एक गोष्ट राहिली. मी अब्बांना बरोबर नेले होते. कॉलेजच्या फाटकातून ते प्रथमच आत आले. परतताना म्हणाले, "वो मिर्झा अपने में का दिखता." मी म्हणालो, "नाही अब्बा, ते हिंदू. जागीरदार आडनाव त्यांचं." आणि कोशात नुकतेच वाचलेले ज्ञान पाजळले, "पण जागीरदार हा शब्द फारसी आहे."

अब्बा थांबले, हसले आणि म्हणाले, "फिर बोल, अब वो किसका हुआ?"

उत्तर मी अजून दिलेले नाही. त्यांनाही ते नको होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)