गंजलेला पत्रा आणि इतिहासाचे जतन : दापोडे (भिवंडी) परिसराच्या संदर्भात जुन्या मोटारींच्या बॉडी-दुरुस्तीचा अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे यांचा विचार प्रथम होतो. विसाव्या शतकाचा इतिहास लिहिताना मात्र यंत्रे, वाहने आणि कारखान्यांत तयार झालेल्या वस्तू यांनाही साधनांचा दर्जा द्यावा लागतो. मोटार हे अशा साधनांपैकी एक महत्त्वाचे साधन होय. तिच्या यांत्रिक भागांविषयी बरेच लेखन झाले आहे. परंतु तिचा पत्रा, त्यावर चढलेला गंज आणि तो दूर करणाऱ्या कारागिराचे कौशल्य यांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात मुंबई-ठाणे परिसरातील जुन्या मोटारींच्या बॉडी-दुरुस्तीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव येथे मोटार-दुरुस्तीचे केंद्र म्हणून निवडलेले नाही. मुंबई-नाशिक मार्गालगतचा, खाडीच्या सान्निध्यातील आणि गोदामांनी व्यापलेला हा परिसर वस्तूंच्या दीर्घकालीन साठवणुकीचे प्रातिनिधिक उदाहरण आहे. लोखंडी वस्तू येथे ठेवली असता तिचे काय होते, हा प्रश्न वारसा-जतनाशी थेट निगडित आहे.

उद्दिष्टे

1. मुंबई परिसरात मोटारींच्या पत्राकामाची परंपरा कोणत्या कारणांनी विकसित झाली, हे पाहणे.
2. गंज व दुरुस्ती यांच्या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करणे.
3. दुरुस्ती करताना मूळ वस्तूचे ऐतिहासिक मूल्य किती टिकते, या प्रश्नाची मांडणी करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईत मोटारगाडीचे आगमन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. प्रारंभीच्या मोटारींची बॉडी ही घोडागाडी बांधणाऱ्यांच्या कलेचेच पुढचे रूप होते. लाकडाचा सांगाडा उभारून त्यावर पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ठोकून बसविला जाई. अमेरिकेत एडवर्ड बड यांनी 1912 मध्ये फिलाडेल्फिया येथे स्थापन केलेल्या कंपनीने संपूर्ण पोलादी बॉडीचे तंत्र पुढे आणले. या तंत्रामुळे सुताराचे महत्त्व कमी होऊन दाबयंत्राचे महत्त्व वाढले. तरीही उच्च दर्जाच्या मोटारींमध्ये लाकडी सांगाडा दीर्घकाळ टिकून राहिला. महाराष्ट्रात हे स्थित्यंतर सार्वजनिक वाहतुकीतही दिसते. 1 जून 1948 रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावलेली एस. टी.ची पहिली बेडफर्ड बस लाकडी बॉडीची होती; पुढे महामंडळाने अॅल्युमिनियमचा आणि अलीकडच्या काळात पोलादी बॉडीचा स्वीकार केला.

जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. फोर्ड कंपनीनेही मुंबईत आपला व्यवसाय उभारला. स्वातंत्र्यानंतर मात्र परिस्थिती बदलली. केवळ सुटे भाग आणून जुळणी न करता देशातच उत्पादन करावे, असे धोरण शासनाने 1953 मध्ये स्वीकारले आणि या दोन्ही कंपन्यांनी भारतातील जुळणीचे काम थांबविले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथील कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या आणि नंतर फियातच्या मोटारी तयार केल्या. पुढे 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेलेली मोटार मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरांत परिचित झाली.

या घडामोडींचा पत्राकामावर झालेला परिणाम महत्त्वाचा आहे. रस्त्यावर अमेरिकन व ब्रिटिश मोटारी हजारोंनी होत्या. परंतु त्यांचे मडगार्ड, दरवाजे किंवा बॉनेट नव्याने मागविणे आयात-निर्बंधांमुळे जवळजवळ अशक्य झाले होते. पाश्चात्त्य देशांत खराब झालेला भाग काढून नवा भाग बसविणे स्वस्त पडू लागले, तेव्हा मुंबईत तोच भाग ठोकून, कापून आणि जोडून पुन्हा वापरणे भाग होते. मजुरी स्वस्त आणि पत्रा महाग अशा अर्थव्यवस्थेत 'डेंटर' हा कारागीर घडला. त्याचे कौशल्य ही टंचाईची निर्मिती होती. म्हणूनच भारतातील जुन्या मोटारीवर आढळणारी अनेक ठिगळे ही निष्काळजीपणाची खूण नसून नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या काळाचा पुरावा आहेत.

धातू ठोकून आकार देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नव्हती. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी ठोकून त्यांवर मठारकाम करण्याची कला प्रसिद्ध आहे. तांबट आणि डेंटर हे एकाच परंपरेतून आले, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि हलक्या, एकसारख्या घावांनी पत्रा ताणणे व सपाट करणे हे दोन्ही कामांचे मूलतत्त्व एकच आहे. धातूचा आवाज ऐकून आणि पृष्ठभागावरून तळहात फिरवून दोष ओळखणे, हेही दोन्हीकडे समान आहे.

गंजाचे स्वरूप आणि दापोडे परिसर

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची आवश्यकता असते. हवेतील क्षार ही क्रिया वेगवान करतात. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने सापेक्ष आर्द्रता बहुधा 80 टक्क्यांच्या वर राहते. खाडीवरून येणारी हवा आपल्याबरोबर क्षार आणते. दापोडे परिसरात गोदामे वाढण्याची कारणे आर्थिक होती. मुंबईजवळची तुलनेने स्वस्त जमीन, राष्ट्रीय महामार्ग आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीतील जकात यांचा त्यात मोठा वाटा होता. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईतील जकात संपुष्टात आली. परंतु गोदामांचा व्यवसाय वाढतच राहिला.

पत्र्याचे छप्पर असलेल्या साध्या गोदामात दिवसा उष्णता साठते आणि रात्री तापमान उतरते. त्यामुळे थंड झालेल्या धातूवर हवेतील बाष्प दवासारखे जमते. पाऊस प्रत्यक्ष आत न येताही मोटार ओली होते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. मोटारीवर घट्ट बसविलेले प्लास्टिकचे आच्छादन तर ही ओल आतच कोंडून ठेवते. मोटार छपराखाली ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा समज त्यामुळे टिकत नाही. वायुवीजन, जमिनीतील ओल अडविणारी फरशी आणि नियमित पाहणी या गोष्टी छपराइतक्याच आवश्यक आहेत.

गंजाच्या साधारणपणे तीन अवस्था मानता येतात. पहिल्या अवस्थेत तो केवळ पृष्ठभागावर असतो. दुसरीत पत्र्यावर खड्डे पडतात आणि जाडी कमी होते. तिसरीत पत्रा आरपार खाल्ला जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज तो जोड फुगवून उसवतो. दरवाज्याची खालची कड, चाकांवरील कमानी, पायपट्टीखालची पोकळी, बॅटरीची बैठक आणि काचेच्या रबराखालची जागा येथे पाणी साचते. त्यामुळे ऱ्हासाची सुरुवात बहुधा याच ठिकाणी होते.

येथे मोटारीच्या रचनेतील एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. स्वतंत्र चासिस असलेल्या जुन्या मोटारीत बॉडीचा पत्रा मुख्यतः आच्छादन असतो. फियात 1100 व तिच्यापासून निर्माण झालेली पद्मिनी यांत मात्र बॉडी हाच भार वाहणारा सांगाडा आहे. अशा मोटारीची तळपाटी गंजली तर केवळ सौंदर्य बिघडत नाही, तर वाहनाची मजबुतीच धोक्यात येते. बाहेरून चकचकीत दिसणारी मोटार आतून पोकळ असू शकते, ती यामुळेच.

दुरुस्तीची प्रक्रिया

अनुभवी कारागीर कामाची सुरुवात हातोडीने नव्हे, तर पाहणीने करतो. लोहचुंबक फिरविला असता जेथे तो चिकटत नाही, तेथे रंगाखाली लांबी भरलेली असण्याची शक्यता असते. बोटाने टिचकी मारल्यावर निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. लांबीचा जाड थर बद्द आवाज देतो. यानंतर रंग काढून गंज कोठवर पसरला आहे हे निश्चित केले जाते.

आरपार गंजलेला भाग निरोगी धातूपर्यंत कापावा लागतो. थोडा गंज मागे राहिला तर नव्या ठिगळाखाली तो पुन्हा वाढतो. कापलेल्या भागाचा कागदी नमुना काढून त्यानुसार मूळ जाडीचा पत्रा कातरला जातो. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने त्याला गोलाई दिली जाते आणि नंतर पत्र्याच्या मागे डॉली धरून पुढून हातोडीने तो सपाट केला जातो. घाव डॉलीच्या नेमक्या वर बसला तर पत्रा ताणतो. थोडा बाजूला बसला तर उंचवटा खाली येतो. हा फरक शब्दांत सांगता येतो, पण हातात उतरण्यास वर्षे लागतात.

वेल्डिंग करताना उष्णतेमुळे पातळ पत्रा वाकतो. म्हणून सलग सांधा न देता दूरदूर टाके घालून, प्रत्येक टाका थंड होऊ देत काम पुढे नेले जाते. ताणून ढिला झालेला पत्रा आखडण्यासाठी लहानसा ठिपका लाल होईपर्यंत तापवून, हलके ठोकून ओल्या फडक्याने थंड केला जातो. उरलेला खोलगटपणा पूर्वी शिसे व कथील यांच्या मिश्रणाने भरला जाई. हे मिश्रण 183 अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि काही काळ लोण्यासारखे पसरविता येते. प्रथम पत्र्याला कल्हई करून मग ते चढविले जाई व कानशीने घासले जाई. कृत्रिम राळेची लांबी प्रचारात आल्यावर हे तंत्र मागे पडले. लांबी स्वस्त व झटपट आहे. परंतु तिचा जाड थर तडकतो आणि त्या भेगेतून पाणी पुन्हा पत्र्यापर्यंत पोहोचते.

जुन्या तंत्राचा गौरव करताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. शिशाची धूळ व धूर शरीरात साठतात आणि मज्जासंस्थेला अपाय करतात. मुखवट्याशिवाय कानस चालविणाऱ्या कारागिराने ही किंमत स्वतःच्या आरोग्याने चुकविली आहे. मोटारीच्या वारशाची चर्चा करताना या श्रमिकाचा उल्लेख वगळणे न्याय्य ठरणार नाही.

मूळपणाचा प्रश्न

दुरुस्तीनंतर मोटार नवी दिसू लागते. पण ती तीच मोटार राहते काय, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने कळीचा आहे. वास्तूंच्या जतनासंबंधी 1964 मध्ये व्हेनिस सनद तयार झाली. त्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये तुरीन सनद स्वीकारली. मूळ घटक शक्य तितके राखावेत, हस्तक्षेप कमीत कमी असावा, बदललेला भाग ओळखता यावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, हे तिचे सार आहे.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळाली. नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये व फेरनोंदणीसाठी 5,000 रुपये शुल्क ठरले. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चासिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. गंजलेली तळपाटी संपूर्ण बदलणे हा फेरबदल की जतन, याचा निर्णय केवळ डोळ्यांनी पाहून घेता येत नाही. त्यासाठी दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे, कापलेल्या पत्र्याचे नमुने आणि कामाची नोंदवही हवी. सामान्यतः डेंटरच्या कामात अशी नोंद ठेवण्याची पद्धत नाही.

कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची 1936 ची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांसमोर येते. अशा मोटारीचे मूल्य तिच्या चकाकीत नसून तिच्याशी जोडलेल्या लोकस्मृतीत आहे. सामान्य मोटारीलाही हे तत्त्व लागू पडते. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाद झाली. दशकानुदशके ठोकलेल्या आणि पुन्हा पुन्हा रंगविलेल्या अशा टॅक्सीचे सर्व थर खरवडून तिला कारखान्यातून निघालेल्या रूपात आणले, तर कारखान्याचा इतिहास परत मिळेल. मात्र तिच्या चालकाचा, डेंटरचा आणि शहराचा इतिहास पुसला जाईल.

निष्कर्ष

1. मुंबई-ठाणे परिसरातील पत्राकामाचे कौशल्य आयात-निर्बंध, सुट्या भागांची टंचाई आणि दमट हवामान यांच्या संयोगातून घडले.
2. दापोड्यासारख्या खाडीलगतच्या गोदाम-परिसरात केवळ छप्पर पुरेसे नाही. वायुवीजन व आर्द्रतेवरील नियंत्रण हीच गंजावरील पहिली उपाययोजना ठरते.
3. जुन्या दुरुस्त्या सरसकट दोष मानू नयेत. ज्या वाहनाच्या सुरक्षिततेस बाधक नाहीत, त्या ऐतिहासिक पुरावा म्हणून राखाव्यात. भार वाहणाऱ्या भागातील गंज मात्र निःसंकोच कापून काढावा आणि त्याची नोंद ठेवावी.
4. वयोवृद्ध डेंटरांच्या मुलाखती, त्यांच्या हत्यारांची चित्रे आणि कामाचे चित्रीकरण यांचा संग्रह करणे निकडीचे आहे. इतिहास, रसायनशास्त्र आणि वाणिज्य या विभागांना महाविद्यालयीन पातळीवर हा प्रकल्प संयुक्तपणे हाती घेता येईल.

पत्रा पुन्हा घडविता येतो. तो घडविणाऱ्या हातातील ज्ञान मात्र लिहून ठेवलेले नाही, आणि ते हात आता थकत चालले आहेत. त्यामुळे मोटारींच्या संग्रहाइतकेच या ज्ञानाचे संकलन तातडीचे आहे.