हळदीतील कुरकुमीन आणि मेंदूचे आरोग्य : उत्पादकांनी काय लक्षात घ्यावे?

अनेक शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या आता स्वतःची हळद पावडर पाकिटात भरून विकतात. पाकिटावर काय छापावे, हा प्रश्न मग येतोच. "स्मरणशक्ती वाढवते", "मेंदूचे आजार टाळते" अशा ओळी बाजारात सर्रास दिसतात. त्यात तथ्य किती, हे उत्पादकाला आणि त्याला सल्ला देणाऱ्या कृषी कार्यकर्त्याला माहीत असायला हवे.

थोडक्यात सांगायचे तर, हळदीतील कुरकुमीन हे चांगले अँटिऑक्सिडंट आहे, पण रोजच्या आहारातील हळदीने मेंदूचा आजार टळतो असे सिद्ध झालेले नाही. याउलट, हळकुंडाला चकाकी आणण्यासाठी लावलेला शिशाचा पिवळा रंग मेंदूला अपाय करतो, हे निर्विवाद आहे. म्हणून उत्पादकाच्या हातातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे हळद चांगली वाळवणे आणि ती रंगाच्या भेसळीपासून दूर ठेवणे.

मेंदूचे ऑक्सिडेशन म्हणजे काय?

करडईचे तेल उघडे राहिले की हवेतील ऑक्सिजनमुळे खवट होते. शरीरातील स्निग्ध पदार्थांवरही अशीच क्रिया होऊ शकते. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा काही अस्थिर रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. ते पेशींचे आवरण, प्रथिने आणि डीएनए यांना इजा करतात. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा त्यांना आवरते. ती कमी पडली की नुकसान साचत जाते.

मेंदूला हा धोका जास्त असतो. त्याचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजनचा वापर सुमारे २० टक्के असतो. शिवाय त्यात लवकर ऑक्सिडेशन होणारी असंतृप्त स्निग्धाम्ले भरपूर असतात.

वनस्पती अशा रेणूंना आवरणारी द्रव्ये स्वतःच्या बचावासाठी तयार करतात. जांभळातील अँथोसायनिन, आवळ्यातील क जीवनसत्त्व व टॅनिन आणि हळदीतील कुरकुमीन ही त्याची उदाहरणे आहेत.

प्रयोगशाळेत दिसते ते माणसात का दिसत नाही?

प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर कुरकुमीनचे परिणाम आशादायक दिसले आहेत. माणसांत मात्र दोन अडचणी येतात.

१) शोषण कमी : खाल्लेले कुरकुमीन आतड्यातून फार थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे यकृतात लगेच रूपांतर होते. बेंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २ ग्रॅम कुरकुमीनसोबत मिरीतील २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर माणसांतील उपलब्धता सुमारे २० पट वाढली. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे फोडणीत तेल, हळद आणि मसाल्यात मिरी ही आपली पद्धत योग्यच आहे.

२) मात्रेतील फरक : अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम कुरकुमीन देऊन चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत फायदा आढळला नाही. २०१८ मध्ये ४० जणांच्या दुसऱ्या चाचणीत, चांगले शोषले जाणारे खास कुरकुमीन १८ महिने दिल्यावर स्मरणशक्तीत सुधारणा दिसली. पण ही चाचणी लहान होती आणि वापरलेले द्रव्य स्वयंपाकातील हळद नव्हते.

हिशेब करून पाहा. ४ टक्के कुरकुमीन असलेल्या ३ ग्रॅम पावडरीत, म्हणजे साधारण चमचाभर हळदीत, १२० मिलिग्रॅम कुरकुमीन असते. २ ग्रॅम कुरकुमीनसाठी अशी ५० ग्रॅम हळद रोज खावी लागेल. ते शक्य नाही आणि योग्यही नाही.

कुरकुमीनच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जातीनुसार कुरकुमीन

कुरकुमीनचे प्रमाण जात, जमीन, पक्वता आणि प्रक्रिया यांनुसार बदलते. साधारण प्रमाण असे :

- कृष्णा : २.८ टक्के
- सेलम : ४ ते ४.५ टक्के
- फुले स्वरूपा : ५.१९ टक्के
- वायगाव : ६ टक्क्यांच्या आसपास
- प्रतिभा : ६.२ टक्के
- राजापुरी : ६.३ टक्के

केवळ कुरकुमीन पाहून जात निवडू नये. हेक्टरी उत्पादन, करपा व कंदकूज यांना बळी पडण्याचे प्रमाण आणि स्थानिक बाजारातील मागणी यांचाही विचार करावा. कुरकुमीनवर दर ठरणार असेल, तर आपल्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

रंग आणि कुरकुमीन टिकवण्यासाठी

- पाने पिवळी पडून वाळल्यानंतरच काढणी करावी. अपक्व कंदात कुरकुमीन कमी भरते.
- जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करून स्वतंत्र शिजवावीत. एकत्र शिजवल्यास हळकुंडे जास्त शिजतात आणि गड्डे कच्चे राहतात.
- काढणीनंतर ३ ते ४ दिवसांत हळद शिजवावी. शक्य असल्यास वाफेवरील कुकर वापरावा, त्यात सर्व माल एकसारखा शिजतो.
- हळकुंडात काडी सहज घुसली की हळद शिजली असे समजावे. जास्त शिजल्यास रंग फिका पडतो, कमी शिजल्यास हळकुंड ठिसूळ होते.
- शिजवताना पाण्यात सोडा टाकू नये. अल्कधर्मी पाण्यात कुरकुमीनचे विघटन होते.
- ताडपत्रीवर किंवा स्वच्छ सिमेंटच्या खळ्यावर ५ ते ७ सेंटिमीटर जाडीच्या थरात वाळवावे. रात्री माल गोळा करून झाकावा.
- साधारण १० ते १५ दिवसांत ओलावा १० टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत आवाज येतो.
- पावडर अपारदर्शक, हवाबंद पाकिटात ठेवावी. प्रकाशात कुरकुमीन कमी होत जाते.

लेड क्रोमेट : खरा धोका येथे आहे

वाळवताना पावसात भिजलेली हळद काळपट पडते आणि तिला दर मिळत नाही. अशा वेळी पॉलिश करताना गडद पिवळा रंग लावण्याचा मोह होतो. हा रंग बऱ्याचदा लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे संयुग असतो.

शिसे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला, कायमची इजा करते. त्याची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. शरीरात ते हाडांत साठून राहते. शिवाय शिसे शरीरातील ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्ये निकामी करते आणि ऑक्सिडेशनचे नुकसान वाढवते. म्हणजे मेंदूच्या संरक्षणासाठी म्हणून घेतलेली हळदच नेमके उलटे काम करते.

बांगलादेशातील अनुभव बोलका आहे. तेथे पुरानंतर भिजून काळवंडलेली हळद खपवण्यासाठी १९८० च्या दशकात ही पद्धत रुजल्याचे संशोधकांना प्रक्रिया करणाऱ्यांकडून समजले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. त्यानंतर सरकारने जनजागृती, तपासणी आणि दंड अशी मोहीम राबवली. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. याचा अर्थ ही भेसळ पूर्ण थांबवता येते.

भारतात हळदीतील शिशाची कमाल मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे आणि लेड क्रोमेट मिसळण्यास बंदी आहे.

प्राथमिक तपासणीसाठी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात अखंड हळकुंड टाकावे. लगेच गडद पिवळा रंग सुटला तर संशय घ्यावा. ही चाचणी केवळ इशारा देते. पॉलिशच्या वेळी हळद पावडरीचे पाणी शिंपडले असेल तरीही थोडा रंग सुटतो. पक्का निर्णय प्रयोगशाळेतील शिशाच्या तपासणीवरच करावा.

गट, कंपन्या आणि कृषी कार्यकर्त्यांसाठी

- भाड्याच्या पॉलिश ड्रममध्ये माल देण्यापूर्वी ड्रम स्वच्छ करून घ्यावा. पॉलिश होईपर्यंत आपला माणूस तेथे थांबवावा. कोणतीही सुटी पिवळी पूड वापरू देऊ नये.
- काळवंडलेला माल वेगळा ठेवून कमी दराने विकावा. चांगल्या मालात मिसळू नये.
- पाकिटावर आजार टाळण्याचे किंवा बरे करण्याचे दावे छापू नयेत. खाद्यपदार्थाच्या नियमांत असे दावे बसत नाहीत.
- त्याऐवजी जात, गाव, काढणीचे वर्ष, तपासलेले कुरकुमीन आणि शिशाच्या तपासणीचा निकाल द्यावा. ग्राहकाला पडताळून पाहता येईल अशी ही माहिती आहे.

हळकुंड मोडून आतला गाभा दाखवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. लावलेला रंग वरच राहतो. चांगल्या वाळलेल्या हळदीचा गाभा आतूनच केशरी-पिवळा असतो. खरेदीदाराला तोच दाखवावा.