चूक कोणाची? सिंदेवाहीचे कडे आणि भूकक्षेतील वाहतूक

रायपूरहून गोंदियास उतरून नागभीडमार्गे बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की वाटेत सिंदेवाही लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव रायपूरपासून सरळ रेषेत सुमारे २३० किमी अंतरावर आहे. पृथ्वीनजीकच्या कक्षेतील उपग्रह एवढे अंतर अर्ध्या मिनिटात कापतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भ, खानदेश, माळवा आणि गुजरातच्या काही भागांतील लोकांना आकाशात तेजस्वी रेघा संथपणे सरकताना दिसल्या. कोणाला ती उल्कावृष्टी वाटली, कोणाला जळते विमान. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले आणि पवनपार परिसरात एक पोकळ गोळा मिळाला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितले, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च-३बी’ प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा असावा. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटरच आहे. कड्याचे माप त्याच्याशी जुळते. उपग्रहाला उंच कक्षेकडे धाडून रिकामा झालेला हा टप्पा वर्षाहून अधिक काळ लंबवर्तुळाकार कक्षेत भटकत राहिला. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळून जाताना विरळ हवा त्याची थोडी ऊर्जा हिरावून घेत होती. वातावरणाची घनता सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलते, टप्पा गडगडत असल्याने त्याला होणारा विरोधही स्थिर नसतो. म्हणून शेवटच्या काही तासांतसुद्धा अशी वस्तू नेमकी कोठे पडेल, हे हजारो किमीच्या पट्ट्याहून अधिक अचूक सांगता येत नाही.

लाडबोरीत एखादे घर मोडले असते, तर भरपाई कोणी द्यायची याचे उत्तर कायद्यात आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर प्रक्षेपण करणारे राष्ट्र जबाबदार असते. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. परंतु हेच दोन उपग्रह वर कक्षेत एकमेकांवर आदळले, तर करार वेगळी भाषा बोलतो. तेथे जबाबदारी ‘चूक’ असेल त्याचीच. आणि चूक ठरवायची तर आधी नियम हवा. रस्त्यावर डावी बाजू कोणती हे ठरलेले असते. समुद्रात कोणत्या जहाजाने वाट द्यायची हेही ठरलेले असते. भूकक्षेत बाजूला कोणी व्हायचे, याचा बंधनकारक नियम नव्हता आणि आजही नाही.

करार लिहिणाऱ्यांना गर्दीची कल्पना नव्हती, असे म्हणता येईल. पण कचऱ्याची सुरुवात तोवर झालेली होती. २९ जून १९६१ रोजी अमेरिकेच्या ‘ट्रान्झिट-४ए’ या उपग्रहाला सोडून आलेला ‘एबलस्टार’ टप्पा कक्षेतच फुटला आणि त्याचे सुमारे तीनशे तुकडे झाले. स्पुटनिकला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. १९७८ मध्ये डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी या गर्दीचे गणित मांडले. एखाद्या उंचीवर वस्तूंची संख्या दुप्पट झाली, की टकरींची शक्यता दुप्पट नव्हे, चौपट होते, कारण आदळण्यासाठी दोघे लागतात. प्रत्येक टक्कर नवे तुकडे देते आणि ते तुकडे पुढच्या टकरींची शक्यता वाढवतात. हवा फारशी नसलेल्या ८००-९०० किमी उंचीवर हे तुकडे दशकानुदशके फिरत राहतात. तेथे एक सेंटीमीटरचा ॲल्युमिनियमचा गोळा सेकंदाला १० किमी वेगाने आदळला, तर त्याची ऊर्जा ताशी ४० किमीहून अधिक वेगाने धावणाऱ्या एक टनाच्या मोटारीएवढी असते. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. वजन अवघे दीड ग्रॅम येते.

१० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर सुमारे ७८९ किमी उंचीवर चालू स्थितीतील ‘इरिडियम-३३’ आणि १९९५ पासून मृतावस्थेत असलेला रशियाचा ‘कॉसमॉस-२२५१’ एकमेकांवर आदळले. दोन अखंड उपग्रहांची ही पहिलीच अपघाती टक्कर. नोंद ठेवण्याजोगे दोन हजारांहून अधिक तुकडे झाले. खरी बोचणारी गोष्ट निराळीच आहे. त्या दिवशीच्या उपलब्ध अंदाजात हे दोघे ५८४ मीटर अंतराने निघून जातील असे दिसत होते आणि त्याहून जवळून जाणाऱ्या जोड्या यादीत होत्या. म्हणजे माहिती होती, पण ती कृती करण्याइतकी नेमकी नव्हती. दायित्व कराराखाली कोणी दावाही दाखल केला नाही. मेलेला उपग्रह बाजूला होऊ शकत नव्हता. जिवंत उपग्रहाने बाजूला व्हायलाच हवे होते, असेही कोठे लिहिलेले नव्हते.

भारताची या इतिहासातील पहिली ठळक नोंद अभिमानाची नाही. २२ ऑक्टोबर २००१ रोजी ‘पीएसएलव्ही-सी३’ने ‘टीईएस’ हा उपग्रह कक्षेत ठेवला. १९ डिसेंबरला त्याच प्रक्षेपकाचा चौथा टप्पा कक्षेत फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. टाक्यांत उरलेले इंधन आणि ऑक्सिडीकारक हे अशा स्फोटांचे नेहमीचे कारण. इस्रोने त्यावर केलेला उपाय साधा होता: काम संपताच उरलेले द्रव बाहेर सोडून टप्पा निष्क्रिय करायचा. सप्टेंबर २००२ मधील ‘पीएसएलव्ही-सी४’पासून हे सुरू झाले. फुटू शकणारी वस्तू वर सोडायची नाही, हा शहाणपणा टकरी टाळण्याच्या साऱ्या यंत्रणेपेक्षा स्वस्त पडतो. त्या पार्श्वभूमीवर मार्च २०१९ मधील उपग्रहभेदी चाचणीकडे पाहावे लागते. सुमारे ३०० किमी उंची मुद्दाम निवडल्याने बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळाले हे खरे. तरी काही तुकडे त्याहून बरेच वर फेकले गेले होते, हेही खरे.

एकाच आकाशाकडे पाहणाऱ्या दोन संस्थांना दोन वेगळी उत्तरे कशी मिळतात, याचा नमुना २७ नोव्हेंबर २०२० रोजी मिळाला. भारताचा ‘कार्टोसॅट-२एफ’ आणि रशियाचा ‘कॅनोपस-व्ही’ परस्परांजवळून गेले. रशियाने अंतर २२४ मीटर सांगितले, इस्रोने सुमारे ४२० मीटर. इस्रोचे म्हणणे असे, की चार दिवस लक्ष ठेवलेले होते आणि अंतर १५० मीटरच्या आत आले असते तरच उपग्रह हलवला असता. यांत कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. प्रत्येक उपग्रहाची जागा हा एक बिंदू नसून अनिश्चिततेचा लांबट ढग असतो, आणि ज्याची मोजमापे वेगळी त्याचा ढग वेगळा. मात्र जे अंतर एकाला धोक्याचे वाटते ते दुसऱ्याला चालण्याजोगे वाटत असेल, तर चूक कोणत्या रेषेपासून मोजायची?

त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपच्या ‘एओलस’ उपग्रहाला एका ‘स्टारलिंक’ उपग्रहापासून दूर व्हावे लागले, तेव्हा स्टारलिंकच्या बाजूने वाढलेल्या धोक्याचा निरोप पाहिलाच गेला नव्हता. कंपनीने सूचनायंत्रणेतील बिघाडाचे कारण दिले. चंद्राभोवती मात्र बोलणी वेळेवर झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘चांद्रयान-२’ आणि नासाचे ‘एलआरओ’ उत्तर ध्रुवाजवळ धोकादायक जवळ येणार असे दोन्ही संस्थांच्या गणितात दिसले. दोघांनी सहमतीने ठरवले आणि १८ तारखेला चांद्रयानाने कक्षा बदलली.

बंगळूरूतील इस्रोच्या केंद्रात हे काम आता रोजचे आहे. २०२३ मध्ये भारतीय उपग्रहांसाठी अमेरिकेकडून निकटगमनाचे सुमारे एक लाख इशारे आले. प्रत्यक्षात उपग्रह हलवावे लागले ते २३ वेळा. प्रत्येक इशाऱ्यावर उपग्रह हलवला, तर इंधन संपते आणि उपग्रहाचे आयुष्य घटते. त्याच वर्षी ‘चांद्रयान-३’चे उड्डाण चार सेकंद उशिरा झाले, कारण ठरल्या क्षणी उडाल्यास पुढे कोणाशी तरी गाठ पडण्याचा संभव होता. कक्षेतील वेगाने चार सेकंद म्हणजे तीस किमी. इशारे परक्या यादीवरून यावेत ही स्थिती बदलावी म्हणून ‘नेत्र’ हा प्रकल्प आहे. त्यातील दुर्बीण लडाखमधील हानलेला आणि रडार आसामातील चंद्रपूर येथे योजलेले आहे. नावाचा योगायोग सिंदेवाहीकरांना गमतीचा वाटेल.

रिकामे टप्पे खाली आणण्यातही सुधारणा झाली. २०१७ मध्ये एका खेपेत १०४ उपग्रह सोडणाऱ्या ‘पीएसएलव्ही-सी३७’चा टप्पा आपोआप खाली येण्यास ऑक्टोबर २०२४ उजाडला; जानेवारी २०२४ मध्ये उडालेल्या ‘पीएसएलव्ही-सी५८’चा टप्पा मुद्दाम ३५० किमीपर्यंत खाली आणल्यामुळे मार्चमध्येच वातावरणात शिरला. २०३० पर्यंत सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. हे उद्दिष्ट कोणत्याही कराराने लादलेले नाही. ते स्वेच्छेचे आहे, आणि कक्षेत दहा हजारांहून अधिक उपग्रह चालू असताना बाकीच्यांनीही ते स्वेच्छेनेच पाळायचे आहे.

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ज्युरियन बे नजीकच्या किनाऱ्यावर शंखशिंपल्यांनी माखलेले एक मोठे नळकांडे वाहून आले. काही दिवस त्याचे मूळ कळेना. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने तपास करून सांगितले, की तो बहुधा पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा आहे. हा टप्पा कक्षेत जातच नाही. तो ठरल्याप्रमाणे समुद्रात पडतो आणि एरवी बुडतो. इस्रोनेही तो आपला असल्याचे मान्य केले. लाडबोरीच्या लोकांनी कड्याभोवती जशी गर्दी केली होती, तशीच तेथील लोकांनी त्या नळकांड्याभोवती केली.