गोवळकोंडा ते गंडीपेट: हैदराबाद परिसराचा जलवारसा

महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली हैदराबादला येतात तेव्हा चारमिनार, मक्का मशीद, सालारजंग संग्रहालय आणि लाड बाजार एवढ्यातच बहुधा दिवस संपतो. ही स्थळे पाहण्याजोगी आहेतच. परंतु हे शहर कशाच्या आधारावर वसले व टिकले, हे समजून घ्यायचे तर पश्चिमेकडील खडकाळ टेकड्यांकडे आणि तळ्यांकडे जावे लागते. आज तेलंगणची राजधानी असलेले हैदराबाद 1956 पर्यंत मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांचीही राजधानी होते. त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा परिसर परका नाही.

मराठवाड्यातून येणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो तो दगडातील फरक. तिकडचा काळा पाषाण इथे नाही. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट येथे उघडा पडला आहे. एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसणारे प्रचंड धोंडे भेगांत मुरणारे पाणी आणि ऊनपाऊस यांनी झिजून घडले. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातील छत्रीसारखा खडक याचा उत्तम नमुना होय. असे कितीतरी खडक इमारतींसाठी फोडले गेले. उरलेले वाचवण्यासाठी 1996 पासून ‘सोसायटी टु सेव्ह रॉक्स’ ही संस्था झटत आहे.

याच खडकावर गोवळकोंडा उभा आहे. काकतीयांचा मूळ मातीचा किल्ला बहमनींकडे आला आणि पुढे सुलतान कुलीने 1518 च्या सुमारास तेथे कुतुबशाहीचा पाया घातला. फतेह दरवाज्याशी वाजवलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू येते, हे प्रत्येक वाटाड्या दाखवतो आणि मंडळी तेथेच रमतात. वस्तुतः त्याहून थोर करामत पाण्याची आहे. सुमारे 120 मीटर उंचीच्या टेकडीवर पाणी एका दमात चढवणे शक्य नव्हते. म्हणून टप्प्याटप्प्यावर हौद बांधले, रहाटांनी पाणी एका हौदातून वरच्या हौदात नेले आणि भिंतींतून मातीच्या नळांचे जाळे फिरवले. या नळांचे तुकडे आजही दिसतात. किल्ल्याला पाणी पुरवणाऱ्या दुर्गम चेरुवू तलावाभोवती आता संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. एवढे करूनही वाढत्या वस्तीला किल्ला आणि त्याचे पाणी अपुरे पडू लागले, आणि मुहम्मद कुलीने 1591 मध्ये मुसीकाठी नवे शहर वसवले, असे इतिहासकार मानतात.

किल्ल्याच्या उत्तरेस सुलतानांचे मकबरे आहेत. तेथील बडी बावडीची एक बाजू 2013 च्या पावसात ढासळली होती. ती पुन्हा बांधण्यात आली आणि 2022 मध्ये गोवळकोंड्याच्या बावड्यांच्या संवर्धनास युनेस्कोचा पुरस्कार लाभला. शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह मात्र येथे नाही. 1687 मध्ये औरंगजेबाने किल्ला घेतल्यावर त्याला दौलताबादच्या चिनी महालात कैदेत ठेवले होते आणि त्याची कबर खुलताबादला आहे. 1677 मध्ये शिवाजी महाराजांचे हैदराबादेत स्वागत करणारा सुलतान तो हाच.

इब्राहीम कुतुबशाहच्या काळात, 1562-63 च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली हुसेन सागर बांधला गेला. त्याच्या बांधावरून आज वाहनांची रीघ असते. तलावांचे हे शहर 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीच्या महापुरात बुडाले, हजारो माणसे दगावली. उर्दूचे रुबाईकार अमजद हैदराबादी यांचे कुटुंब त्यात वाहून गेले. त्यांची ‘कयामत-ए-सुगरा’ ही कविता या आपत्तीवर आहे. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे जण वाचले. ते झाड अजून उभे आहे, पण सहलींच्या यादीत ते क्वचितच असते.

पुरानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांच्या योजनेनुसार मुसीवर उस्मान सागर (1920) आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायत सागर (1927) हे जलाशय झाले. त्या कामांत अली नवाज जंग या हैदराबादी अभियंत्याचा वाटा मोठा होता, तरी पाठ्यपुस्तकांत विश्वेश्वरय्यांशेजारी त्यांचे नाव सहसा येत नाही. उस्मान सागरालाच लोक गंडीपेट म्हणतात. पूर अडवणारी ही धरणे पुढे शहराला पिण्याचे पाणीही देत राहिली.

या जलाशयांभोवतीच्या 10 किलोमीटर परिसरात, 84 गावांत, बांधकामावर कडक निर्बंध घालणारा आदेश 1996 मध्ये निघाला होता. 2022 मध्ये राज्य सरकारने ते निर्बंध उठवणारा आदेश काढला. जलाशयाकडे वाहून येणारे ओढे जमीन सपाट करताना बुजले, तर धरण शाबूत राहूनही तळे भरणार नाही, ही जाणकारांची भीती आहे.

सहल नेणाऱ्या अध्यापकांनी पावसाळ्याअखेरचे दिवस निवडावेत. सकाळी ऊन चढण्यापूर्वी किल्ल्याच्या पायऱ्या, दुपारी मकबऱ्यांतील बावड्या आणि सायंकाळी गंडीपेटचा बांध, एवढे एका दिवसात सहज होते. चारमिनारसाठी दुसरा दिवस ठेवावा.