आतड्याला अडथळा: एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये काय दिसते?

पोटात थांबून थांबून येणाऱ्या कळा, हिरवट उलट्या, फुगलेले पोट, आणि शौच तर नाहीच पण वाराही सरत नाही. ही लक्षणे एकत्र दिसली की आतड्याला अडथळा असल्याचा संशय घ्यावा लागतो. सायखेड्यात अशा वेळी अजूनही काही घरांत आधी एरंडेल पाजतात. ते पाजू नये. पुढची वाट बंद असताना मागून जोर वाढवला तर आतडे फाटू शकते.

पहिली तपासणी साधीच असते: पोटाचा एक्स-रे, एक उभ्याने आणि एक झोपवून. उभे केल्यावर अडलेल्या आतड्यात पाणी खाली बसते, हवा वर राहते आणि दोन्हींमध्ये सरळ आडवी रेघ दिसते. अशा रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक दिसल्या तर अडथळ्याची शक्यता वाढते. एखाद-दुसरी रेघ मात्र साध्या जुलाबातही दिसते, म्हणून फिल्म पाहून घाबरू नका.

झोपवून काढलेल्या फिल्मवर रुंदी मोजतात. लहान आतडे 3 सेंटिमीटर, मोठे 6 आणि मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी 9 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर ते फुगलेले समजतात. लहान आतड्याच्या घड्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात, मोठ्याच्या बहुधा अर्ध्यातच थांबतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला पीळ पडला तर मधोमध खाच असलेल्या कॉफीच्या बीसारखा आकार दिसतो. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत पडद्याखाली हवेची काळी चंद्रकोर दिसली, तर बहुतेक वेळा आतडे किंवा जठर फुटलेले असते.

एक्स-रे चांगला आला म्हणजे अडथळा नाही, असे नव्हे. आतडे नुसत्या पाण्याने भरले असेल तर हवेच्या रेघा दिसतच नाहीत. मग सीटी स्कॅन लागतो. वाट नेमकी कुठे बंद आहे, कशामुळे आणि तिथला रक्तपुरवठा चालू आहे का, हे त्यात कळते. कारण जुन्या ऑपरेशननंतरची चिकटण असू शकते, हर्निया, गाठ किंवा आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही. हर्निया शोधायला मात्र मशीन लागत नाही. जांघ तपासली तरी बऱ्याचदा सापडतो. संकोचाने ती गाठ लपवणारे पेशंट मी पाहिले आहेत.

कधी वाट मोकळी असते, पण आतडेच चालत नाही: ऑपरेशननंतर किंवा पोटॅशियम कमी झाल्यावर. तेव्हा लहान-मोठे सगळेच आतडे फुगलेले दिसते.

सहा महिने ते दोन वर्षांचे बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, तर आधी सोनोग्राफी करा. आतड्यात आतडे शिरले असेल तर एकात एक गोल कडी दिसतात. शौचातून लालसर शेंबडासारखे पडणे हे उशिराचे लक्षण आहे, त्याची वाट पाहू नये.

कळा थांबून दुखणे सलग सुरू झाले, ताप आला किंवा नाडी जोरात चालू लागली, तर थेट नाशिकला सर्जन आणि सीटी दोन्ही असलेले हॉस्पिटल गाठा. निघताना तोंडाने पाणीही देऊ नका. जुन्या ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रेची फिल्म बरोबर घ्या, नुसता रिपोर्ट नको.