हायब्रिड मोटारीचा मालक : समज आणि वस्तुस्थिती

वाहनावरून माणसाची पारख करण्याची सवय आपल्याकडे जुनीच आहे. भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या (ता. मोहाडी) गावात दाराशी बुलेट असली की घरमालकाचा एक स्वभाव गृहीत धरला जातो, लुना असली की दुसरा, आणि पांढरी स्कॉर्पिओ असली की तिसरा, हा तिसरा बहुधा राजकारणाशी जोडलेला. हायब्रिड मोटार चालविणाऱ्यांविषयीही असेच ठोकताळे रूढ आहेत. मात्र अमेरिकेतील ठोकताळा आणि आपला यांत फार अंतर आहे.

हायब्रिड मोटारीत पेट्रोलवर चालणारे इंजिन आणि विजेवर चालणारी मोटर एकत्र काम करतात. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठविली जाते आणि पुढे तीच गाडी हाकण्यास उपयोगी पडते. आपल्याकडील प्रचलित हायब्रिड गाड्यांना प्लग लावून चार्जिंग करावे लागत नाही. ‘खेड्यात वीज जाते, तिथे ही गाडी कशी चालणार?’ ही शंका म्हणूनच अनाठायी आहे.

टोयोटाची प्रियस ही गाडी जपानमध्ये १९९७ साली विक्रीस आली. पुढे अमेरिकेत ती चित्रपट कलावंतांनी उचलून धरली आणि तिचा मालक म्हणजे पर्यावरणप्रेमाचा तोरा मिरविणारा शहरी उदारमतवादी, अशी प्रतिमा तयार झाली. ‘साउथ पार्क’ या व्यंगचित्रमालिकेने २००६ मध्ये या आत्मसंतुष्टतेचा चक्क विषारी ढगच दाखविला. ही निव्वळ थट्टा नव्हती. त्याच सुमारास होंडाच्या सिव्हिकचेही हायब्रिड रूप उपलब्ध होते. पण ते साध्या सिव्हिकसारखेच दिसे, तर प्रियस दुरूनही ओळखू येई. स्टीव्हन व ॲलिसन सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले, की पर्यावरणवादी वस्तीत लोक या ‘ओळखू येण्यासाठी’ जादा डॉलर मोजावयास तयार असतात.

आपल्याकडे मिरविण्याची ही सोयच नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीला हिरवी नंबरपाटी मिळते. हायब्रिडच्या खासगी गाडीला मात्र पेट्रोल-डिझेल गाड्यांसारखी पांढरीच. होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड भारतात आणली, तेव्हा तिची किंमत वीस लाखांहून अधिक होती आणि ग्राहक फिरकले नाहीत. त्याच वर्षी किंमत सुमारे आठ लाखांनी उतरविताच शिल्लक गाड्या भराभर संपल्या. या ग्राहकाला पर्यावरणप्रेमी म्हणावे की हिशेबी? आपल्या गावात नव्या गाडीला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ हाच असतो, यात उत्तर आले.

तरीही ‘हायब्रिड म्हणजे श्रीमंतांची चैन’ हा समज टिकून राहिला आणि करव्यवस्थेनेही त्याला एक प्रकारे दुजोराच दिला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा उपकरासह हायब्रिड गाड्यांवरील भार ४३ टक्के झाला. विजेच्या गाड्यांवरील कर २०१९ पासून अवघा ५ टक्के. नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी हायब्रिडवरील कर घटविण्याचा आग्रह २०२४ मध्ये जाहीरपणे धरला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के कर ठरला. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा व टोयोटा हायरायडर या गाड्यांचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला सुमारे २८ किलोमीटर आहे. इंधन वाचविणाऱ्या या गाड्याही लांबीमुळे त्याच गटात मोडतात. हे प्रस्तुत लेखकाला तर्कसंगत वाटत नाही.

उलट बाजूचा समज म्हणजे हायब्रिडचा मालक कुठेही गेला तरी पैसे वाचवितो. हेही अर्धेच खरे. बचत होते ती मुख्यतः थांबत-थांबत जाणाऱ्या वाहतुकीत, कारण वारंवार ब्रेक लागतात. भंडाऱ्याहून राष्ट्रीय महामार्गाने सरळ वेगाने नागपूर गाठणाऱ्यास ब्रेकमधून मिळणारी ऊर्जा थोडीच. नागपुरात सिग्नलमागून सिग्नल पार करणाऱ्यास ती अधिक. करडीचा शेतकरी-व्यापारी वर्षाकाठी किती किलोमीटर आणि कोणत्या रस्त्यावर धावतो, यावर हायब्रिडसाठी मोजलेली जादा रक्कम भरून निघणार की नाही हे ठरते. महिन्यातून दोनदाच गाडी बाहेर काढणाऱ्याची ही रक्कम बहुधा वसूल होणार नाही, मग तो कितीही हिशेबी असो.