संगणकीय खेळांतील फेरबदल आणि परकी कार्यप्रणाली

विक्रीस आलेल्या संगणकीय खेळातील चित्रे, ध्वनी, नकाशे, नियम किंवा प्रत्यक्ष आज्ञावली यांत खेळणाऱ्यांनी स्वतः केलेल्या बदलास ‘मॉड’ आणि असे बदल करण्याच्या उद्योगास ‘मॉडिंग’ म्हणतात. मॉड हा सहसा स्वतंत्र खेळ नसतो. मूळ खेळाची प्रत संगणकावर असल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. मूळ खेळ हा एका विशिष्ट कार्यप्रणालीसाठी (उदा., एमएस-डॉस, विंडोज) तयार केलेला असतो आणि त्यात फेरबदल करण्याची साधनेही बहुधा त्याच कार्यप्रणालीवर चालतात. त्यामुळे ज्याच्या संगणकावर निराळी कार्यप्रणाली आहे, त्याच्यापुढे खेळ चालविणे आणि खेळ बदलणे अशा दोन अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात. त्यांवर मुख्यत्वे चार उपाय निघाले : (१) खेळाची सामग्री आज्ञावलीपासून अलग ठेवणे, (२) मॉडची आज्ञावली आभासी यंत्रासाठी लिहिणे, (३) खेळाचे एंजिन नव्या कार्यप्रणालीवर नेणे अथवा नव्याने लिहिणे आणि (४) परक्या कार्यप्रणालीची सेवा पुरविणारा मधला थर निर्माण करणे. हे उपाय कसकसे निघाले, याचा इतिहास हा संगणकाच्या वापरातील स्वातंत्र्याचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. त्यात पीटर सॅमसनने खऱ्या तारकांचे आकाश घातले, तर डॅन एडवर्ड्‌सने मध्यभागी गुरुत्वाकर्षण असलेला तारा घातला. आज्ञावली सर्वांना उपलब्ध होती आणि संगणक एकाच प्रकारचा होता. म्हणून बदल करणे ही तेथे सहज घडणारी गोष्ट होती. घरगुती संगणकांचा प्रसार झाल्यावर खेळ विकाऊ वस्तू बनले आणि ग्राहकाच्या हाती केवळ यंत्रभाषेतील आज्ञावली येऊ लागली. तरीही १९८१ च्या ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ या ॲपल-२ संगणकावरील खेळातील नाझी पहारेकऱ्यांच्या जागी स्मर्फ ही चित्रमालिकेतील पात्रे बसवून काही तरुणांनी त्याचे विडंबन केले. पहिल्या मॉडांपैकी एक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ‘लोड रनर’ (१९८३) या खेळाबरोबर नवे नकाशे रचण्याची सोय निर्मात्यांनीच दिली होती. हे सर्व प्रयत्न मात्र एकेका यंत्रापुरते मर्यादित राहिले. एका संगणकावरील खेळ दुसऱ्यावर चालत नसल्याने त्यातील बदलही तेथेच अडकून पडत.

सामग्रीची विभागणी : या बाबतीत खरे वळण अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेच्या ‘डूम’ (१० डिसेंबर १९९३) या खेळाने दिले. तिच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ (१९९२) या आधीच्या खेळात लोकांनी खटपटीने बदल केले होते. पण तसे करताना मूळ फाइली पुसल्या जात. हे पाहून जॉन कारमॅकने डूममध्ये नकाशे, चित्रे व ध्वनी ही सर्व सामग्री ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवली. या फाइलीतील प्रत्येक घटकाला जास्तीत जास्त आठ अक्षरांचे नाव असते. खेळणाऱ्याने आपली वेगळी वॅड फाइल जोडल्यास तिच्यातील घटक त्याच नावाच्या मूळ घटकाची जागा घेतात. मूळ फाइलीला धक्का लागत नाही आणि जोडलेली फाइल काढून टाकताच खेळ पूर्ववत होतो.

डूमची निर्मितीच दोन कार्यप्रणालींवर विभागलेली होती. आज्ञावली व नकाशे नेक्स्ट संगणकांवर, नेक्स्टस्टेप या कार्यप्रणालीत तयार होत; विक्री मात्र एमएस-डॉससाठी होई. जॉन रोमेरोने लिहिलेली नकाशे रचण्याची आज्ञावली नेक्स्टस्टेपवरच चाले. त्यामुळे सामान्य खेळणाऱ्याच्या दृष्टीने ती निरुपयोगी होती. १९९४ च्या आरंभी निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींनी वॅड फाइलीची रचना स्वतः उलगडली, तिचे सविस्तर वर्णन लिहून काढले आणि डॉसवर चालणारे नकाशा-साधन तयार केले. फाइलीची रचना एकदा शब्दांत मांडली गेली, की साधन कोणत्या कार्यप्रणालीवर लिहावे याला फारसे महत्त्व उरत नाही, ही गोष्ट या प्रसंगाने सिद्ध केली. अशा हौशी रचनाकारांचे नकाशे पुढे ‘फायनल डूम’ (१९९६) या नावाने इड सॉफ्टवेअरनेच बाजारात आणले.

आभासी यंत्राचा मार्ग : सामग्री बदलता आली, तरी खेळाचे नियम आज्ञावलीतच राहत. ‘क्वेक’ (१९९६) या खेळात कारमॅकने नियमांसाठी ‘क्वेक-सी’ ही छोटी भाषा दिली. तिच्यातील मजकुराचे रूपांतर प्रत्यक्ष प्रक्रियकाच्या भाषेत न होता एका काल्पनिक यंत्राच्या आज्ञांत होई आणि खेळाचे एंजिन त्या आज्ञा वाचून अमलात आणी. त्यामुळे डॉसवर लिहिलेला मॉड लिनक्सवरील क्वेकमध्येही फेरबदल न करता चाले. ऑस्ट्रेलियातील तरुणांनी रचलेला ‘टीम फोर्ट्रेस’ (१९९६) हा या पद्धतीचा विख्यात मॉड होय.

या पद्धतीत वेग कमी पडतो. म्हणून ‘क्वेक-२’ (१९९७) मध्ये ती सोडून नियमांची आज्ञावली प्रत्येक कार्यप्रणालीच्या स्वतंत्र ग्रंथालय-फाइलीत ठेवण्यात आली. परिणाम असा झाला, की मॉडच्या कर्त्याने विंडोजसाठी एक आणि लिनक्ससाठी दुसरी फाइल तयार करणे भाग पडले. तसे न केल्यास लिनक्सवरील खेळणारे वंचित राहत. शिवाय अनोळखी माणसाने लिहिलेली आज्ञावली संगणकावर मुक्तपणे चालू देण्यात धोकाही होता. ‘क्वेक-३ अरीना’ (१९९९) मध्ये पुन्हा आभासी यंत्र आले. पण या वेळी मजकूर नेहमीच्या सी भाषेत लिहिता येई. वेग, सुरक्षितता आणि सुवाह्यता यांतील ही ओढाताण तीन वर्षांत दोनदा दिशा बदलून गेली, हे लक्षणीय आहे.

व्हॉल्व्ह या कंपनीने क्वेकच्या एंजिनावर आधारलेल्या ‘हाफ-लाइफ’ (१९९८) या खेळात मात्र ग्रंथालय-फाइलींचाच मार्ग पत्करला. त्याच्यावर मिन्ह ले व जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड रचला आणि पुढील वर्षी तो व्हॉल्व्हने स्वतःकडे घेतला. हाफ-लाइफची लिनक्स-आवृत्ती २०१३ मध्ये आली, तेव्हा केवळ विंडोजची ग्रंथालय-फाइल असलेले जुने मॉड तिच्यात चालेनात. तेच मॉड विंडोज-आवृत्तीबरोबर मधल्या थरातून मात्र चालत. खेळ स्वतःच्या कार्यप्रणालीत उपलब्ध झाला म्हणजे त्याचे मॉडही उपलब्ध झाले, असे समजता येत नाही.

उगमसंहिता व नवी एंजिने : इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये डूमची उगमसंहिता लोकांस खुली केली. ती लिनक्स-आवृत्तीची होती. कारण डॉस-आवृत्तीत दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेले ध्वनिविषयक ग्रंथालय होते व ते देता येत नव्हते. १९९९ मध्ये हीच संहिता जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली आली. तेव्हापासून हौशी जाणकारांनी तिच्या आधारे अनेक कार्यप्रणालींसाठी एंजिने सिद्ध केली. डॉस व्यवहारातून गेला, पण डूमचे मॉड टिकून राहिले, याचे मुख्य कारण हेच.

ज्या खेळांची संहिता मिळाली नाही, त्यांची एंजिने निरीक्षणाने नव्याने लिहिण्यात आली. ‘मॉरोविंड’ (२००२) या खेळाचे फेरबदल-साधन केवळ विंडोजसाठी होते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनएमडब्ल्यू’ या प्रकल्पाने त्या खेळाचे एंजिन आणि फेरबदल-साधन अशी दोन्ही अंगे लिनक्स, मॅक-ओएस व विंडोज यांवर चालतील अशी तयार केली. मूळ खेळाची सामग्री मात्र वापरणाऱ्याने विकत घेतलेलीच असावी लागते. मूळ एंजिनाच्या पोटात शिरून काम करणारे मॉड अशा नव्या एंजिनात चालत नाहीत, ही या मार्गाची मर्यादा होय.

मधला थर : लिनक्सवर विंडोजच्या आज्ञावली चालविण्यासाठी ‘वाइन’ हा प्रकल्प १९९३ मध्ये निघाला. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याचे नेतृत्व करीत आहे. वाइन हा संगणकाची नक्कल करीत नाही. आज्ञावलीतील यंत्रभाषेच्या आज्ञा प्रक्रियकावर थेट चालतात. आज्ञावलीने विंडोजकडे मागितलेली सेवा तेवढी वाइन पुरवितो. ‘डॉसबॉक्स’ (२००२) याची रीत वेगळी आहे. तो संपूर्ण जुन्या संगणकाचीच नक्कल उभी करतो. वाइनची १·० ही आवृत्ती पंधरा वर्षांच्या परिश्रमांनंतर जून २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारलेला ‘प्रोटॉन’ आपल्या स्टीम या विक्रीव्यवस्थेत अंतर्भूत केला आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातातील यंत्र विक्रीस आणले. त्यामुळे परक्या कार्यप्रणालीवरील मॉडिंग हा मूठभर तज्ञांचा विषय राहिला नाही.

कार्याची सुरुवात : नवशिक्याच्या अडचणी पुष्कळदा मॉडमधील दोषामुळे नव्हे, तर दोन कार्यप्रणालींच्या सवयींतील भेदामुळे उद्‌भवतात. पहिला भेद नावांचा आहे. विंडोजमध्ये फाइलीच्या नावातील रोमन मोठी व लहान अक्षरे सामान्यतः एकच मानली जातात, लिनक्समध्ये ती भिन्न ठरतात. परिणामी विंडोजवर बांधलेला मॉड उलगडताना एकाच नावाच्या दोन निर्देशिका शेजारी-शेजारी तयार होतात आणि खेळाला त्यांपैकी एकीतीलच सामग्री दिसते. यावर तोड म्हणून लिनक्सच्या ५·२ या आवृत्तीत (२०१९) अक्षरभेद न मानणाऱ्या निर्देशिकांची सोय एक्स्ट-४ या फाइलव्यवस्थेत करण्यात आली.

दुसरा भेद स्थानाचा आहे. वाइन प्रत्येक कृत्रिम विंडोज-परिसर एका निर्देशिकेत ठेवतो आणि प्रोटॉन दर खेळासाठी स्वतंत्र परिसर निर्माण करतो. मॉडांची मांडणी करणारे साधन दुसऱ्या परिसरात बसविल्यास त्याला खेळ सापडत नाही. दोन्ही एकाच परिसरात हवीत. तिसरा भेद ग्रंथालय-फाइलींच्या प्राधान्याचा आहे. अनेक मॉड विंडोजच्या एखाद्या ग्रंथालयाचेच नाव धारण करून खेळाच्या निर्देशिकेत बसतात आणि त्या वाटेने खेळात शिरतात. वाइनजवळ त्याच नावाचे स्वतःचे ग्रंथालय असते. म्हणून बाहेरची फाइल आधी घ्यावी, अशी स्पष्ट सूचना बहुधा द्यावी लागते.

यावरून कामाचा क्रम ठरतो. प्रथम मूळ खेळ कोणत्याही बदलाविना नीट चालतो याची खात्री करावी आणि त्याची एक प्रत बाजूला ठेवावी. नंतर एखादे चित्र किंवा ध्वनी यासारखा केवळ सामग्रीचा बदल करून पाहावा. कारण त्यात कार्यप्रणालीचा संबंध सर्वांत कमी येतो. पुढे नकाशा, त्यानंतर नियम आणि शेवटी यंत्रभाषेतील ग्रंथालय-फाइल असे चढत जावे. एका वेळी एकच मॉड जोडावा, म्हणजे बिघाडाचे मूळ शोधता येते. नेमका हाच क्रम या विद्येच्या इतिहासातही आढळतो.

कायद्याची बाजू : अमेरिकेत ‘गालूब विरुद्ध निन्टेंडो’ (१९९२) या दाव्यात, खेळणाऱ्याने घरी खेळाच्या चालीत केलेला तात्पुरता बदल कॉपीराइटचा भंग ठरत नाही, असा निर्णय झाला. याउलट ‘मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन’ (१९९८) या दाव्यात, लोकांनी रचलेले ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या खेळाचे ३०० नकाशे गोळा करून तबकडीवर विकणे हा भंग ठरला. दोन आज्ञावलींचा परस्परांशी मेळ घालण्यासाठी आवश्यक माहिती मिळविण्याच्या कृतीस यूरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निर्देशाने सवलत दिली. भारतातही १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील ५२ व्या कलमात १९९९ च्या दुरुस्तीने तशी तरतूद झाली. मात्र ती माहिती अन्य मार्गाने सहज मिळण्याजोगी नसावी आणि आज्ञावली कायदेशीर रीत्या हाती आलेली असावी, अशा अटी तीत आहेत.

महत्त्व : कार्यप्रणाली बदलते तेव्हा केवळ खेळ जातो असे नाही, त्यावर लोकांनी घेतलेले श्रमही जातात. ॲपलने २०१९ मध्ये मॅक-ओएसच्या ‘कॅटलिना’ या आवृत्तीपासून ३२-बिट आज्ञावलींचा आधार काढून घेतला, तेव्हा अनेक जुने खेळ त्यांच्या मॉडांसह त्या आवृत्तीवर बंद पडले. ज्यांची फाइलरचना लिहून ठेवली होती, ज्यांचे नियम आभासी यंत्रासाठी लिहिले होते किंवा ज्यांची संहिता खुली होती, त्या खेळांवरील काम सामान्यतः अधिक सुलभतेने नव्या यंत्रांवर नेता आले. मॉडचे आयुष्य त्याच्या कर्त्याच्या कौशल्यापेक्षा मूळ निर्मात्याने खेळाची दारे किती उघडी ठेवली यावर अधिक अवलंबून असते, असे या इतिहासावरून दिसून येते.